कचरापेटीतून परत आलेली चिठ्ठी

स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही ही आपली अट पाळून हे पत्र लिहीत आहे. मोबाइलची फुटलेली काच बदलून देता देता म्हाताऱ्यांच्या शंकांनाही न कंटाळता उत्तरे देणारा दुकानदार एवढ्यावरून मालवणच्या बाजारपेठेतले लोक ओळखायचे ते ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर मी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, बंदरावर आणि जुन्या बटवड्याच्या आठवणींवर ब्लॉग लिहू लागलो, तेव्हा ‘आपल्या लेखाचा दुवा अमुक ठिकाणी दिला गेला आहे’ अशी सूचना आली की मला रजिस्टर पत्राची पोचपावती हाती पडल्यासारखे वाटे. गेल्या पावसाळ्यात अशा सूचना रोज तीस-चाळीस येऊ लागल्या आणि लोक आपले लिखाण वाचू लागले या भ्रमात मी त्या एकामागून एक मंजूर करत सुटलो. पुढे सर्व्हरची जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे पत्र आले, की माझ्या ब्लॉगमुळे त्यांच्या यंत्रावर भार पडत असून तो थांबला नाही तर ब्लॉग बंद केला जाईल. घाबरून मी तो लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भर पावसात आपल्या दुकानी आणला, हे आपल्याला आठवत असेल.

आपण आधी सगळे बंद करून टाकाल आणि पैसे घ्याल, अशी माझी समजूत होती. त्याऐवजी आपण त्या सूचनांपैकी एकीचा उगम असलेले पान उघडून माझ्यासमोर धरले. त्यावर माझाच लेख होता, शब्दन् शब्द माझा, खाली कुठल्याशा औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती, आणि लेखाच्या पोटात मीच माझ्या जुन्या लेखाचा दिलेला दुवा तसाच राहिलेला. ती चोरी पाहून मी हबकलो. आपण मात्र शांतपणे म्हणालात, ‘काका, लिंक खरी आसा, माणूस खोटो.’

या एका वाक्यात जे होते ते समजायला मला पुढची दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळी आपण दिल्यात म्हणून हे आभार. २००२ साली सिक्स अपार्ट या कंपनीने आपल्या मूव्हेबल टाइप या ब्लॉग चालवायच्या प्रणालीत दुव्याची सूचना धाडणारा ट्रॅकबॅक आणला, त्यात दुवा देणारा आपल्या लेखाचे शीर्षक, ब्लॉगचे नाव आणि चार ओळी स्वतःच लिहून पाठवत असे, आणि घेणाऱ्याने ते तपासलेच पाहिजे असा नियम नव्हता. आमच्या भाषेत सांगायचे तर पेटीत कुणीही कार्ड टाकावे आणि पाठवणाऱ्याच्या जागी हवे ते नाव लिहावे, असा तो कारभार होता. स्टुअर्ट लँग्रिज यांनी त्याच वर्षी पुढे आणलेल्या पिंगबॅकमध्ये पाठवणारा केवळ दोन पत्ते देतो, दुवा कुठून निघाला आणि कुठे आला, आणि घेणारे यंत्र स्वतः त्या पहिल्या पत्त्यावर जाऊन दुवा खरोखर आहे का ते बघते. नसेल तर १७ क्रमांकाची त्रुटी कळवते, आणि तीच सूचना आधी नोंदलेली असेल तर ४८ क्रमांकाची. आमच्याकडे पोस्टमन एवढी चौकशी करत असता तर निम्मी पत्रे परत गेली असती.

पण दुवा आहे एवढेच यंत्राला तपासता येते. तो कशासाठी दिला आहे, हे पान वाचणाऱ्यालाच कळते. माझा लेख चोरणाऱ्या पानावर दुवा होताच, म्हणून पडताळणीत ते पान उत्तीर्ण झाले होते आणि त्याचा पत्ता माझ्या लेखाखाली झळकला होता. शोधयंत्रे एखाद्या पानाची पत ठरवताना त्याच्याकडे येणारे दुवे मोजतात, म्हणून हा सारा खटाटोप. आणि २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य करून ती खूण लावलेले दुवे मोजायचे नाहीत असे ठरवले, तरी पाठवणाऱ्यांनी पाठवणे थांबवले नाही, कारण पाठवायला त्यांना काहीच खर्च येत नाही. पोस्टकार्डाला निदान तिकिटाचे पैसे तरी पडत.

सर्व्हरवरच्या भाराचे कारण वेगळे निघाले आणि ते मला अधिक भयंकर वाटले. पिंगबॅक आली की माझा सर्व्हर सांगितलेल्या पत्त्यावर धावत जातो, तेव्हा कुणी ‘दुवा कुठून निघाला’ या रकान्यात त्याला ज्याचा सूड घ्यायचा आहे त्याचा पत्ता घातला, तर माझे यंत्र नकळत त्याच्या दारावर धडका देऊ लागते. २०१४ च्या मार्चमध्ये वर्डप्रेस या प्रणालीवर चालणारे १ लाख ६२ हजारांहून अधिक ब्लॉग असेच एका संकेतस्थळावर सोडले गेले होते, हे आपण सांगितलेत तेव्हा माझ्या हातातला चहा निवला. रापणीवर चार ओळी लिहिणारा मी कुणाच्या तरी दारावर दगड मारत बसलो होतो की काय, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

उपाय आपण अतिशय धीराने केलात. सेटिंग्जमध्ये चर्चेच्या पानावरची, सूचना स्वीकारण्याची खूण मी घरी आधीच काढली होती आणि तरीही सूचना येतच होत्या, म्हणून मी यंत्राला शिव्या घालत होतो. ती खूण केवळ पुढच्या नव्या लेखांना लागू होते, जुन्यांना नाही, हे आपल्याकडून कळले. मग १४० जुने लेख, एका पानावर वीस याप्रमाणे सात पाने, वीज दोनदा गेली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आपण एकत्र निवडून बंद केलेत. दार बंद असलेल्या लेखासाठी पिंगबॅक आली तर यंत्र पडताळणीला धावतच नाही, जागेवरूनच नकार देते, हे सांगून आपण मला विचारलेत की खरे पत्र कोणत्या लेखाला येऊ शकेल. मी रापणीवरचे अकरा लेख दाखवले. ते आपण उघडे ठेवलेत, पण माझ्या हाताने मंजूर केल्याशिवाय काहीही दिसू नये अशी व्यवस्था करून. सोबत २००५ पासून चालत आलेली अकिस्मेट ही नको त्या कमेंट आणि सूचना अडवणारी गाळणी बसवलीत. दुसऱ्या कुणी सगळे एका फटक्यात बंद केले असते आणि मीही आनंदाने पैसे दिले असते. आपण ते केले नाहीत, याचेच मोल मला सर्वांत जास्त वाटते.

कचरापेटी रिकामी करू का, असे मी उठता उठता विचारले आणि आपण ‘थांबा’ म्हणालात. त्या पेटीतल्या गोष्टी ३० दिवसांनी आपोआप नाहीशा होतात आणि एक सूचना सत्ताविसाव्या दिवशी होती. त्याआधी महिनाभर ‘त्वरित कर्ज मिळेल’ अशा कमेंटना वैतागून मी नाकारायच्या शब्दांच्या यादीत ‘कर्ज’ हा शब्द घातला होता. तो शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडला तरी यंत्र पकडते, हे मला ठाऊक नव्हते. आणि ज्या पानाच्या शीर्षकात ‘कर्जतहून’ असे लिहिले होते, ते त्यामुळे थेट कचऱ्यात गेले होते. आपण यादीत ‘कर्ज’ऐवजी पूर्ण ‘त्वरित कर्ज’ घातलेत आणि ती सूचना बाहेर काढलीत. दोन चौकटी कंसांत तीन तीन टिंबे आणि मधे एवढेच होते: रापणीची दोरी ओढणाऱ्यांत आमचे आजोबाही असत.

ते पान मी घरी येऊन वाचले. कर्जतला राहणाऱ्या एका बाईंनी आजोबांच्या आठवणी लिहिल्या होत्या आणि माझ्या लेखातली एक चूकही अगदी सौम्यपणे दाखवली होती. जाळे ओढायला जे किनाऱ्यावर आले त्यांनाच वाटा मिळे, असे मी लिहिले होते. आजोबांच्या रापणीत ज्या घरातला कर्ता पुरुष वारला त्या घरालाही वाटा जात असे, असे त्यांचे म्हणणे. मी दोन जुन्या रापणकरांना विचारले, त्यांनी मान डोलावली, आणि लेख दुरुस्त केला. त्या दुरुस्तीत बाईंच्या लेखाचा दुवा दिला, तेव्हा त्यांच्याकडेही माझी सूचना गेली असावी.

आपण पैसे घेतले नाहीत. बायकोने यंदाच्या कोकमाचे आगळ काढून दोन बाटल्या आपल्या नावाने ठेवल्या आहेत. पावसाने रस्ता बंद व्हायच्या आत त्या घेऊन जाव्यात. काल आणखी एक सूचना आली आहे, मंजुरीसाठी थांबलेली. पान उघडून पाहिले, माणूस खरा वाटतो. पण आपण आलात की एकदा नजर टाकावी, अशी विनंती.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मालवण