वाचणार कोण, ते आधी सांगा

खानापूर (जि. बेळगाव)

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, प्रकल्प म्हणजे पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवतात तेच ना गं? बहुतेकदा तेच. दहावीला प्रथम भाषा मराठीचे १२५ गुण, त्यातले २५ शाळेनं द्यायचे. त्या २५ साठी चकचकीत कागद येतो, रंगीत पेनं येतात, आणि मजकूर गाईडातून उतरतो. यंदा मी पुठ्ठा बंद केला. विषय एकच दिला, गावच्या नाल्यावरचा मोडका साकव. तो तिघांना लिहून कळवायचा: गावातल्याच आजीला, पुण्याच्या मामेभावाला आणि पंचायतीच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना.

पहिल्या खेपेला तिन्ही कागद सारखेच आले. 'निसर्गरम्य परिसरात वसलेले आमचे छोटेसे गाव...' आजीलाही तेच! जिचा जन्म त्या नाल्याकाठी गेला, तिला गाव कुठं वसलंय हे नातू सांगणार. पण पोरांना तरी काय बोलायचं? परीक्षेतल्या पत्राखाली सही 'अ. ब. क.' अशी, आणि वाचणार लाल पेनवाले मास्तर. पत्र खरंच कुणाच्या हातात पडतं, याचा विचार करायची वेळच त्यांच्यावर आलेली नाही.

मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. निपाणीच्या विडी कामगार बायका संध्याकाळी पत्र लिहून घ्यायला आपल्या सोप्यात यायच्या, नवरा मुंबईला गिरणीत. तुम्ही कागद घेतलात की पहिला प्रश्न, "तिकडं वाचून कोण दाखवणार?" नवऱ्याला अक्षर येत नसेल, तर खोलीतला कुणीतरी मोठ्यानं वाचणार आणि भोवती गाववाले बसलेले असणार. म्हणून सासूशी झालेलं भांडण, पैशाची ओढ, बाईचं दुखणं तुम्ही अशा शब्दांत बसवायचात की खोलीत हसू होऊ नये आणि नवऱ्याला मात्र बरोबर कळावं. १९८२ च्या संपानंतर ती पत्रं हळूहळू थांबली, असं आई सांगते. बी.एड.ला मी बरंच काही शिकले, पण एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ग गप्प झाला, मग सगळे एकदम बोलायला लागले. पुढच्या खेपेला एका मुलीचं आजीला लिहिलेलं पत्र आलं. साकवाच्या मजकुरात मध्येच एक ओळ: 'तू दिलेलं जपून ठेवलंय.' काय गं हे, म्हटलं. ती हसली. "काकी वाचून दाखवणार की, टीचर!" आजीनं गुपचूप पैसे दिलेले असणार. मी पुढं विचारलं नाही.

मामेभावाचं पत्र सगळ्यांनाच सोपं गेलं. साकव कसला असतो, जांभ्याचे दगड, वरच्या फळ्या, पावसात पाणी कुठवर चढतं, सगळं आपणहून आलं. फार नटवलं होतं, पण ते वय आहे.

खरी गंमत अर्जात झाली. सीमाभागात निवेदन शिकवावं लागत नाही, असं मला वाटायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात घातला, तेव्हापासून आपण दुसरं काय करतोय? पण अर्ज म्हणून आल्या त्या घोषणा, 'गोरगरिबांवरील अन्याय' वगैरे. कुठला वॉर्ड, किती मुलं रोज ओलांडतात, फळ्या किती गेल्या, यातलं एक अक्षर नाही. दोन मुलांनी मग पंचायतीत जाऊन चौकशी केली. तिथं टपाल आधी कारकून उघडतात आणि त्यांना मराठी जेमतेम वाचता येतं. यावरून वर्गात जुंपली. एकाच्या घरून निरोप, मराठीतच द्या, हक्क आहे. हक्क आहेच. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, ते मी वाचूनही दाखवलं. तरी मुलांनी ठरवलं, वर कन्नड, खाली मराठी, दोन्हीवर सह्या. कन्नडच्या सरांनी मजकूर तपासून दिला. काहींना हे पडतं घेणं वाटलं. मला नाही वाटलं. साकव दुरुस्त व्हावा म्हणून लिहायचं, तर ज्याच्या हातून कागद पुढं सरकणार त्याला तो कळायला हवाच. तूर्त पोचपावती मिळालीय.

एक तक्रार मात्र राहिलीच. परीक्षेत पुन्हा 'अ. ब. क.'च लिहायचंय. मुलांनी तसं स्पष्ट विचारलंही, तिथं काय करायचं? वाचणारा दिवसभर तेच तेच वाचून कंटाळलेला माणूस आहे हे धरून लिहा, म्हटलं.

आता सगळ्यांना बाबांना पत्र लिहायचंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या आईच वाचून दाखवतात, एवढं मी सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, "मग टीचर, आईंना काय वाचायला आवडतं?" आई, मला सांगता आलं नाही. काय सांगू त्यांना? रविवारच्या आत कळव.

तुमची,
सुमी