‘धोंडो’ची टिंगल नको

संपादक महोदय,

मुलांच्या नावांच्या याद्यांत ‘धोंडो’ आता सापडत नाही. वाईट याचे वाटते की ज्यांचे हे नाव आहे, त्यांचीही टिंगल होते. आमच्या वाडीतले एक धोंडूकाका नातवाच्या शाळेत पालक म्हणून सही करायला गेले, तेव्हा बाकावरची पोरे खुदकन हसली. काकांनी सही केली आणि मुकाट्याने बाहेर पडले.

या नावामागे आईबापांचा केवढा जीव अडकलेला असे! देवी, पटकी, तापाने घरातली लेकरे एकामागून एक जात. मग पुढचे मूल काळाच्या नजरेत भरू नये, म्हणून त्याला धोंडू, दगडू, केरू म्हणत. धोंड्याला कोण नेणार? आणि धोंड्यासारखे ते टिकावे, हीही आस असेच. मला तर आजच्या कुठल्याही गोंडस नावापेक्षा यात माया अधिक दिसते.

१८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंतच. गायिका धोंडूताई कुलकर्णी यांनी हेच नाव मैफलींतून मानाने मिरवले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तर १९५८ साली, वयाच्या शंभरीत ‘भारतरत्न’ मिळाले आणि १९६२पर्यंत ते जगले.

देवी गेली, लसी आल्या, तशी या नावाची गरज सरली, हे चांगलेच झाले. पण शिक्षकांनी हजेरी घेताना एकदा तरी मुलांना ही हकिकत सांगावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, चिपळूण