येऊ द्या, येऊ द्या

मूर्सव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
1 जून 2025

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडतो.

रोज फोन होतोय तर पत्र कशाला, असं ताई म्हणेल. पण फोनवर आई नुसती माझ्या हाताच्या पट्टीकडं बघत बसते, आणि आप्पा "बरं आहे न्हवं? मग झालं" म्हणून फोन ताईकडं देतात. म्हणून लिहायला बसलोय. ताईनं हे सगळं आजीला मोठ्यानं वाचून दाखवावं. शेवटचं पैशाचं तेवढं वगळलं तरी चालेल.

हात बरा आहे. जखम वाळली, बोटं पूर्ण मिटतात, काल भाकरी पण थापली. (पीठ इथं मिळतं, पण आपल्यासारखी चव नाही.) तवा लागला असं मी सांगितलं होतं ते खरं नव्हतं. खरं काय झालं ते पुढं लिहिलंय. आई, आधी सगळं वाच, मग रड.

आप्पा, तुमचा प्रश्न ताईच्या तोंडून ऐकला. एवढं शिकून पोरगा शेवटी शर्यतीच्या नादालाच लागला का, हाच ना? काकांची दोन एकर बैलगाडीच्या नादात गेली, ते मी विसरलेलो नाही. सातबारा हातात घेऊन तुम्ही अख्खी रात्र सोप्यात बसला होता, तेव्हा मी नववीत होतो. पण इथं मी पैज लावत नाही, गाडी चालवत नाही, पगारावर काम करतो. आणि काम तुमचंच आहे. तुम्ही उद्यमनगरात लेथवर जे करता, तेच मी इथं गाडीखाली झोपून करतो. एक उदाहरण देतो. अंडाकृती ट्रॅकवर गाडी कायम डावीकडंच वळते. म्हणून मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेरानं इंच-दीड इंच मोठं ठेवतात. आपला पाणी प्यायचा पेला आडवा करून फरशीवर लोळवा, तो सरळ जात नाही, गोल फिरतो. तसंच हे. सुताचा फरक पडला तरी गाडी वळणाला भिंतीकडं ओढते. चारी चाकांखाली चार काटे ठेवून कुठल्या चाकावर किती वजन येतंय ते आम्ही मोजतो, स्प्रिंगचा बोल्ट अर्धा आटा फिरवतो, परत मोजतो. दिवस ह्यातच जातो. ह्यात नादाला जागा नाही, असं म्हणणार होतो, पण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसलोय. नाद आहे. पण मोजूनमापून केलेला आहे.

आता बारक्याचं. दिवसभर फोनवर गाड्या पळवतो आणि ताई रागावली की म्हणतो, "मामाच्या तिकडचा बायरन गेम खेळूनच झाला ड्रायव्हर." बारक्या, अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ऐक.

विल्यम बायरन हा नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या मोटारशर्यतींचा ड्रायव्हर. गाव शार्लट, म्हणजे माझ्या खोलीपासून तासाभराच्या आतलं. घरात गाड्यांच्या शर्यतीतलं कुणीही नाही. इथली पोरं पाच-सहा वर्षांची असतात तेव्हा बापानं त्यांना छोट्या गाडीत बसवलेलं असतं. हा पंधरा वर्षांचा होईपर्यंत घरी कॉम्प्युटरसमोर स्टिअरिंग आणि पेडल जोडून तेच ट्रॅक, तीच वळणं शेकडो वेळा गिरवत होता. मग 2013 साली छोट्या लेजंड गाड्यांत उतरला आणि त्या एका वर्षात तीसच्या वर शर्यती जिंकला. 2014 ला लेट मॉडेल, म्हणजे गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या पूर्ण आकाराच्या गाड्या. 2015 ला पूर्वेकडच्या विभागीय मालिकेत पहिला. 2016 ला पिकअप ट्रकच्या मालिकेत सात विजय, पहिल्याच वर्षी! एकेक पायरी चढला, एकही गाळली नाही.

आणि आप्पा, त्याच 2016 मधली एक गोष्ट मला इथं आल्यावर आमच्या शॉपमधल्या म्हाताऱ्या मशिनिस्टनं सांगितली. फिनिक्सला शेवटून दुसरी शर्यत होती. बायरन सगळ्यांच्या पुढं, दहाएक फेऱ्या राहिलेल्या, आणि इंजिन गेलं. वर्षभर राबून कमावलेली अजिंक्यपदाची संधी तिथंच संपली. तो तेव्हा अठरा वर्षांचा. पुढच्या आठवड्यात होमस्टेडला गेला आणि शर्यत जिंकली. अजिंक्यपद दुसऱ्याला गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी वरच्या मालिकेत मात्र ते त्यानं मिळवलं आणि 2018 ला सगळ्यांत वरच्या कप मालिकेत आला. तिथं पहिला विजय मिळायला 2020 चा ऑगस्ट उजाडला. डेटोना 500 ही इथली सगळ्यांत मानाची शर्यत, आणि आता 2024 आणि 2025, दोन्ही वर्षांची त्याच्या नावावर आहे. यंदा शेवटच्या फेरीला तो नवव्या नंबरच्या आसपास होता, पुढच्या गाड्या एकमेकांत गुंतल्या आणि हा बाहेरून निसटून पहिला आला. लोक नशीब म्हणतात. मी म्हणतो, नववा का होईना, गाडी धड ठेवून शेवटपर्यंत तिथं असायला लागतं.

बारक्या, दहावी झाल्यावर तुला मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवायला न्यायला मी पैसे पाठवतो, शब्द दिला. तोवर ताईचं ऐक.

गेल्या रविवारी शार्लटला 600 मैलांची शर्यत झाली. दीड मैलाचा ट्रॅक, 400 फेऱ्या. म्हणजे कोल्हापुरातून मुंबईला जायचं, परत यायचं, आणि पुन्हा पुण्यापर्यंत जायचं. बायरन 283 फेऱ्या पुढं होता. सहा फेऱ्या राहिल्या असताना रॉस चॅस्टेननं त्याला मागं टाकलं. हा चॅस्टेन फ्लोरिडाचा, कलिंगडं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला. आदल्या दिवशी सरावात त्याची गाडी भिंतीला लागून गेली होती. त्याच्या शॉपमधल्या पोरांनी रात्रभर जागून दुसरी गाडी उभी केली, तिच्यात बसून तो सगळ्यांत शेवटून, चाळिसाव्या जागेवरून निघाला आणि पहिला आला. जिंकल्यावर तो गाडीवर चढून कलिंगड आपटून फोडतो. आपण नारळ आधी फोडतो, तो कलिंगड नंतर. पण मला कलिंगडापेक्षा ती रात्रभर जागलेली पोरं डोळ्यांसमोर आली. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर पुरी करताना तुम्ही आणि शंकरपाळ्या खात बसलेला मी, तशी.

इथली एक गोष्ट मला अजून पचलेली नाही, ती सांगतो. माणसं कुटुंबासकट शर्यतीला येतात, खुर्च्या, डबे, बर्फाची पेटी घेऊन, आपल्या जोतिबाच्या यात्रेला येतात तशी. मग शर्यत सुरू झाली की सगळे कानाला मोठे हेडफोन लावतात आणि एकमेकांशी बोलायचे बंद होतात. मला वाटलं, आवाजामुळं. आवाज तर असतोच, छातीत घुमतो. पण कारण दुसरंच आहे. प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरचं त्याच्या माणसांशी रेडिओवर बोलणं चाललेलं असतं, आणि ते बोलणं कुणालाही ऐकता येतं. त्याचं यंत्र विकत मिळतं, दिवसाच्या भाड्यानंही मिळतं. आपल्या आवडत्या ड्रायव्हरचा नंबर लावायचा आणि तीन-चार तास त्याचं ऐकायचं. तो वैतागला, शिव्या दिल्या, पाणी मागितलं, गाडी मागून सुटतेय म्हणाला, सगळं. आज्जीबाईसुद्धा ऐकतात. शेजारी नातू बसलेला असतो, तो दुसऱ्याच ड्रायव्हरचं ऐकत असतो. विचार करा, आपल्याकडं कुस्ती चाललीय आणि वस्ताद पैलवानाच्या कानात काय सांगतोय ते खासबागेतल्या सगळ्या माणसांना ऐकू येतंय!

त्या बोलण्यात एक आवाज स्पॉटरचा असतो. तो वर छतावर उभा राहतो. ड्रायव्हरचं डोकं हेल्मेट आणि पट्ट्यांनी असं जखडलेलं असतं की त्याला मान वळवता येत नाही, शेजारी कोण आलंय ते दिसत नाही. मग स्पॉटर सांगतो, "आतून आला, अजून आहे, अजून आहे, क्लिअर." क्लिअर म्हटलं की ड्रायव्हर डोळे झाकून गाडी आत घेतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला आपला टेम्पो आठवला. शॉपच्या बोळात तुम्ही टेम्पो मागं घ्यायचा आणि मी मागं उभा राहून ओरडायचो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, येऊ द्या, बास!" तुम्ही आरशात बघायचाच नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझ्या भरवशावर तुम्ही टेम्पो भिंतीपासून वीतभर अंतरावर आणून थांबवायचा.

आता हाताचं. शनिवारी मी हिकरीला जातो. तिथं 1951 पासूनचा जुना छोटा ट्रॅक आहे. हातभट्टीची दारू डोंगरातून रात्री पोहोचवणारा आणि बापाच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगातही गेलेला ज्युनिअर जॉन्सन मोठा ड्रायव्हर झाला, तोही तिथं पळालाय. तिथं सोळा वर्षांचा एक पोरगा लेट मॉडेल चालवतो, त्याच्या गाडीचं काम मी करतो. बाप एसी दुरुस्त करतो, आई ट्रॅकबाहेर पोराच्या नंबराचे टी-शर्ट विकते. टायरला पैसे पुरत नाहीत म्हणून जुनेच टायर निवडून निवडून लावतो. मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही. जेवायला घालतात.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा स्पॉटर आला नाही. मी उभा राहिलो. वीस फेऱ्या नीट गेल्या, पोरगा आठव्यावरून चौथ्यावर आला. मग मी अर्धा सेकंद आधी क्लिअर म्हणालो. त्यानं विश्वासानं गाडी आत घेतली आणि मागच्या गाडीचं नाक त्याच्या चाकात घुसलं. गाडी फिरली, भिंतीला लागली. पोराला काही झालं नाही, स्वतःच्या पायांनी बाहेर आला. रेडिओवर मला एवढंच म्हणाला, "ठीक आहे, मी ठीक आहे." त्यानं मला धीर दिला, आप्पा. सोळा वर्षांच्या पोरानं. खाली पळत गेलो आणि वाकलेला पत्रा ओढताना तापलेल्या एक्झॉस्टला हात टेकला. चटका लागलेला मला कळलाच नाही, घरी आल्यावर कळलं. तवा म्हणालो कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडून ये म्हणाला असता, आणि त्या रात्री मी आलोही असतो.

पुढच्या शनिवारी बापानं पुन्हा मलाच वर पाठवलं. मी नको म्हणत होतो. पोरगा पाचवा आला.

धोक्याचं आजी विचारते. आजी, 2001 साली डेल अर्नहार्ट नावाचा इथला सगळ्यांत मोठा ड्रायव्हर डेटोनाच्या शेवटच्या फेरीत गेला. त्यानंतर मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का सोसणारं स्टील आणि फोम बसलं. तेव्हापासून वरच्या तिन्ही मालिकांत शर्यतीत एकही ड्रायव्हर गेलेला नाही. 2020 मध्ये रायन न्यूमनची गाडी उलटी होऊन पेटली. दोन दिवसांनी तो दोन मुलींचे हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर आला. आणि मी तर गाडीत बसतही नाही.

आता राहिलेलं. व्हिसाच्या लॉटरीत यंदाही नंबर लागला नाही. घाबरू नका, आत्ताचा परवाना अजून वर्षभर आहे, मार्चमध्ये परत एकदा नाव घालता येतं. नाही झालं तर येतो घरी, लेथ आहेच. इस्लामपूरच्या स्थळाबद्दल: मुलीशी मी दोनदा बोललो. शहाणी आहे, तिनं पहिला प्रश्न व्हिसाचाच विचारला. मी जे आहे ते सांगितलं. त्यांना अडकवून ठेवू नका, दिवाळीपर्यंत थांबायला जमत असेल तरच पुढं बोला. आणि मुलगा रेसिंगमध्ये आहे म्हटल्यावर समोरचे गप्प होतात असं ताई म्हणाली. मग मशिनशॉपमध्ये आहे म्हणा. खरंच आहे ते. ताईच्या नणंदेच्या लग्नाला मी नव्हतो, आजोबांच्या वर्षश्राद्धाला नव्हतो, हे मला कुणी ऐकवत नाही, तेच जास्त लागतं. इथला शर्यतींचा हंगाम नोव्हेंबरात संपतो. तुळशीच्या लग्नानंतर मी नक्की आहे, तिकीट बघतोय.

काल दीड लाख पाठवलेत. कर्जाच्या हप्त्याला लावू नका, हप्ता मी वेगळा भरतो. आप्पा, लेथच्या मोटरला पण नाही. माझ्या फीसाठी गहाण ठेवलेल्या आईच्या पाटल्या आधी सोडवून आणा. बँकेत आईला सोबत न्या, तिथंच हातात घालू दे. पाऊस यंदा मेमध्येच आलाय म्हणे, रिक्षानं जा.

मग फोटो पाठवा. देव्हाऱ्यासमोर उभं राहून नको, आईचे हात दिसतील असा.

तुमचा,
थोरला