जिम मार्शल गेले

मा. संपादक,

संगीतकारांचे छायाचित्रकार जिम मार्शल २४ मार्च २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले, ७४व्या वर्षी. अमेरिकन गायक जॉनी कॅशने १९६९ साली सॅन क्वेंटिन तुरुंगात कॅमेऱ्याला दाखवलेलं मधलं बोट जगभर भिंतींवर लागलं, ते यांनीच टिपलेलं. बीटल्सचा १९६६चा सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क मैदानातला कार्यक्रम असो की माँटेरेच्या १९६७च्या संगीत महोत्सवात गिटार पेटवणारा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (त्याच दिवशी दुपारी तिथे रविशंकर-अल्लारखाँ वाजवून गेले होते!), हा गृहस्थ हजर. पण अट एकच, सगळीकडे मोकळा प्रवेश हवा; नाहीतर काम नको. आता छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांनंतर बाहेर काढतात. मार्शल यांच्या हातात छोटा लायका कॅमेरा, फारसा आवाज न करणारा. आपल्याकडे मात्र आलाप सुरू होतो न होतो तोच फ्लॅश चमकू लागतात.

– एक वाचक, पुणे