घरचे नाव दाखल्यावर आले तर बिघडले कुठे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने अलीकडे मुलींच्या जन्मदाखल्यावर ‘परी’, ‘चिऊ’, ‘सोनू’, ‘माऊ’ अशी नावे दिसू लागल्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. हाक मारायचे नाव घरात असावे, दाखल्यावर मात्र चारचौघांत शोभेल असे भारदस्त नावच घालावे, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. प्राथमिक शाळेत नोकरी केलेल्या आणि दर जूनमध्ये जनरल रजिस्टरात पहिलीच्या मुलांची नावे लिहिलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला तो सूर पटला नाही, म्हणून हे पत्र.

घरचे नाव हेच पूर्ण नाव म्हणून लावण्याची रीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कालपरवा आलेली नाही. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागातला कोणताही जुना सातबारा काढून पाहावा. त्यावर ‘बाळासो’, ‘आप्पासो’, ‘दादासो’, ‘रावसो’ ही नावे ओळीने सापडतात. लाडाच्या किंवा नात्याच्या हाकेला ‘साहेब’ जोडायचे, त्या ‘साहेब’चा लिहिण्यापुरता ‘सो’ करायचा, आणि तेच नाव शाळेच्या दाखल्यापासून सोसायटीच्या कर्जखात्यापर्यंत आयुष्यभर चालवायचे, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वेगळे आहे असे कोणाला वाटतही नाही. या नावांची माणसे सरपंच झाली, साखर कारखान्यांची संचालक झाली. ‘तुमचे खरे नाव काय?’ असे त्यांना कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. बायकांतही आक्काताई, बाळाबाई, छबूबाई, तानूबाई आणि अगदी बेबीताईसुद्धा रेशनकार्डावर सुखाने नांदत आल्या आहेत. मग ‘बाळासाहेब’ भारदस्त आणि ‘सोनू’ तेवढी पोरकट, हा न्याय कसला?

राजघराण्याचेच उदाहरण घ्यायचे तर, कागलच्या पिराजीराव घाटग्यांना लोक बापूसाहेब महाराज म्हणूनच ओळखत आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई या कोल्हापूरकरांच्या आक्कासाहेब महाराज. खुद्द ‘शाहू’ हे नावही संभाजीराजांच्या ज्या पुत्रामुळे प्रसिद्ध झाले, त्यांचे पाळण्यातले नाव शिवाजी होते. आणि 1884 साली दत्तक होऊन कोल्हापूरच्या गादीवर ते नाव धारण करणारे महाराज जन्माने यशवंतराव घाटगे होते. माणसाला अखेर कोणते नाव चिकटेल हे पाळण्यात ठरतेच असे नाही, एवढे यावरून दिसावे.

मुलींच्या बाबतीत तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. आपल्याकडे मुलीला निदान तीन नावे असायची. एक पत्रिकेतले, राशीच्या अक्षरावरून आलेले, जे भटजींखेरीज कोणी उच्चारत नसे. दुसरे बाराव्या दिवशी आत्याने कानात ‘कुर्र’ करून सांगितलेले. तिसरे लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्याने कोरलेले. ते तांदूळ विस्कटले की पाळण्यातले नावही विस्कटायचे, आणि कालपर्यंतची सुनंदा सासरी वैशाली होऊन पदर खोचायची. या सगळ्या उलथापालथीत टिकायचे ते फक्त माहेरचे घरगुती नाव. साठीच्या बाईलाही भाऊ ‘बाळे’ म्हणूनच हाक मारतो आणि तिला ती हाक स्वतःची वाटते. जे नाव तिच्यापासून कोणी काढून घेऊ शकले नाही तेच कागदावर नसायचे, आणि कागदावर असायचे ते तिला हाक मारायला कोणी वापरत नसे.

याचा त्रास काय होतो ते वारसा नोंदीच्या वेळी कळते. वडील गेल्यावर तलाठ्याकडे बहिणींची नावे लावायची वेळ येते, तेव्हा भाऊ सांगतात ते घरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर भलतेच आणि आधारकार्डावर सासरचे. मग फेरफारात ‘आक्काताई उर्फ सुनंदा भ्र.’ (म्हणजे भ्रतार) असे लिहून पुढे नवऱ्याचे नाव येते, किंवा एकच बाई दोन नावांनी असल्याचे प्रतिज्ञापत्र करायला लागते, आणि कधीकधी राजपत्रात नावबदल छापून आणण्यापर्यंत पाळी जाते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला खरा, पण तो हक्क सांगणारी बाई हीच, हे सिद्ध करण्यात तिच्या चपला झिजतात. हाकेचे आणि दाखल्याचे नाव पहिल्यापासून एकच असेल तर यातली बरीच कटकट उद्भवतच नाही.

कायद्याची या बाबतीत काही आडकाठी नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात मुलाचे नाव कसे असावे याची कोठे यादी दिलेली नाही. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवायही होते, वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे विचाराला सवड भरपूर आहे. मात्र एकदा घातलेले नाव मागाहून बदलणे सोपे नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पूर्वी गुरुजींनी एक जून ही जन्मतारीख ठोकून द्यावी आणि पालकाच्या तोंडून जे नाव निघेल ते लिहून घ्यावे, असा कारभार चालत असे (माझ्या पिढीतल्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळेच). ते दिवस आता गेले.

म्हणून कोणतेही लाडाचे नाव उचलावे आणि दाखल्यावर टाकावे, असे मी म्हणणार नाही. ‘पिल्लू’, ‘छकुली’, ‘गोलू’ ही नावे त्या मुलीच्या दुपट्यातल्या वयाला लावलेली आहेत. उद्या ती बिंदू चौकात दवाखाना थाटून बसली तर पाटीवर ती वाचवणार नाहीत. ‘सोनी’, ‘तानी’, ‘राणी’, ‘छबी’, ‘माई’ यांचे तसे नाही. त्यांना पुढे ‘ताई’ लागते, ‘बाई’ लागते, प्रसंगी ‘डॉक्टर’ही लागते, आणि नाव कुठे आखूड पडत नाही. ‘परी’बद्दल माझे मत अजून बनायचे आहे, पण ज्या वर्गात चार परी आणि तीन आराध्या असतात तिथे हजेरी घेणाऱ्या बाईंची काय गत होते ते मला ठाऊक आहे, आणि त्या गोंधळाचा दोष भारदस्त आराध्यांकडेही तितकाच जातो.

एका प्रकारच्या घरच्या नावाला मात्र माझा ठाम विरोध आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणत, तेच दाखल्यावर जाई, आणि 2011 साली तिथे अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली. हाक प्रेमाची आहे की नकोशीची, हे आईबापांना चांगले कळते. पहिली दाखल्यावर गेली तर मुलगी तिच्यासह वाढते, दुसरी गेली तर रोज हजेरीला तिचा अपमान होतो. या दोहोंना एकाच तराजूत घालून ‘घरची नावे नकोत’ म्हणणे बरोबर नाही.

शेवटी आजच्या नियमातला एक मुद्दा सांगते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि नंतर आडनाव असा क्रम राज्य सरकारने सक्तीचा केला आहे. आज पाळण्यात असलेली सोनू पंचवीस-तीस वर्षांनी आई होईल, तेव्हा तिच्या लेकराच्या प्रत्येक दाखल्यावर दुसरा शब्द तिच्या नावाचा असेल. तांदळावरचे नाव तिथे आपोआप येणार नाही, तिच्या कागदपत्रांवरचेच लागेल. ज्या नावाने तिला घरदार ओळखते तेच तिथे असावे, असे तिच्या आईबापांना वाटले तर त्यांची समजूत कमी आहे असे मानायचे कारण नाही.

जन्मनोंदीच्या खिडकीवर बसणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे की, पालकांनी अर्जात ‘सोनी’ लिहून आणले तर ‘हे घरचे झाले, आता खरे सांगा’ असे म्हणून त्यांना परत पाठवू नये. अक्षरे ऱ्हस्व-दीर्घासह, मराठीत आणि इंग्रजीत, त्यांना दाखवून तपासून घ्यावीत आणि दाखला द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर