कार्डं चिकटवू नकोस

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

काकूंना आलेल्या शुभेच्छापत्रांची त्यांच्या नातीला, तुझ्या लेकीला, दिवाळीच्या सुट्टीत स्क्रॅपबुक करायची आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. कुठली वही आणू, असं तू विचारलंस. फोनवर घाईत काहीतरी सांगायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. विकतची वही आणू नकोस, वही आपण घरीच बांधू. आणि कार्डं पानांवर चिकटवू तर मुळीच नकोस.

कार्डावरचं चित्र छापखान्यातून आलेलं असतं, आपलं माणूस आत असतं. आणि काकूंकडे येणाऱ्या कार्डांत माणसं भरपूर लिहायची. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर दिवाळीला किती विद्यार्थ्यांची पत्रं यायची, आठवतंय ना? फेव्हिकॉल लावून कार्ड बसवलं की ते पुन्हा निघत नाही. आतला मजकूर एकदा झाकला गेला की गेलाच. मागची बाजूही तितकीच महत्त्वाची. तिथे कार्ड कुणी काढलं ते असतं. तोंडाने किंवा पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांची पाकिटं घरोघर यायची, त्यांच्या कार्डांमागे चित्रकाराचं नाव असतं. क्रायची कार्डं असतील तर लेकीला सांग, ही संस्था 1979 साली मुंबईत रिपन कपूर यांनी सुरू केली आणि कार्डं विकून मुलांसाठी पैसा उभा केला. युनिसेफचं 1949 सालचं पहिलं कार्ड तर चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं होतं. युद्धानंतर गावाला मदत मिळाली म्हणून तिने ते काचेवर रंगवलं होतं, कागदच नव्हता तिच्याकडे. कार्ड कुठल्या संस्थेचं, हे ते उलटून पाहिलं तरच कळतं. पाकिटंही टाकू नकोस. वर्ष बहुतेक पोस्टाच्या शिक्क्यावरच सापडतं.

2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी तुमच्या घरात शिरलं आणि खालच्या खणातल्या कार्डांची वीट झाली. तेव्हा तू म्हणाला होतास की महागातली चांगली कार्डं गेली आणि साधी राहिली. त्याला कारण आहे. चकचकीत आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना अशी धरतात की सोडवता येत नाहीत. साध्या कागदाला लेप नसतो, म्हणून तो सुटतो. शाईचंही तसंच. फाउंटन पेनची शाई पसरली, बॉलपेनचा मजकूर टिकला, कारण बॉलपेनची शाई तेलकट असते. तेव्हा जी पंचवीस-तीस कार्डं वाचली आहेत त्यांतला अक्षरांचा एक काना-वेलांटीही आता जाता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

कागद मी इथून घेतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो, लाकडाचा नाही. लाकडाच्या स्वस्त लगद्यातलं लिग्निन कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतं, शिवाय त्यातलं आम्ल शेजारच्या कार्डातही उतरतं. वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेल्या पुस्तकात समोरच्या पानावर तपकिरी चौकोन उमटलेला तू पाहिला असशील, ते हेच. बाजारातल्या बहुतेक स्क्रॅपबुकांची काळी नि रंगीत पानं मला म्हणूनच नको वाटतात.

बांधणी अवघड नाही. पानं दुमडून दाभणाने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. दर दोन पानांमध्ये शिवणीपाशी त्याच कागदाची बोटभर रुंद पट्टी शिवून घ्यायची. कार्डं बसली की पानांची जाडी वाढते, पण शिवण तेवढीच राहते, मग वही पुढून आ वासते. या पट्ट्या तेवढी जागा आधीच राखून ठेवतात. वरून पुठ्ठा आणि त्यावर खणाचं कापड. काकूंच्या एखाद्या जुन्या खणाचा तुकडा असेल तर तोच लावू.

कार्ड बसवायला कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे कापायचे. खळ कोपऱ्याला लावायची, कार्डाला नाही. कार्ड चार कोपऱ्यांत सरकवायचं, म्हणजे हवं तेव्हा काढून उघडता येतं. खळही अगदी पातळ लाव, कसरीला ती आवडते. सेलोटेप घरात असेल तर लेकीच्या हाती लागू देऊ नकोस. काही वर्षांनी पट्टी सुटून पडते आणि तिचा तेलकट डाग कागदात राहतो. प्लॅस्टिकच्या खिशांचे अल्बमही नकोत, पीव्हीसीला शाई चिकटून येते. गाणारं एखादं कार्ड असेल तर त्यातला बटण सेल काढ, तो पाझरतो.

संक्रांतीच्या कार्डांकडे आधी बघ. हलव्याच्या पुड्या अजून चिकटलेल्या असतील तर पाकामुळे मुंग्या येतील. पुडी हलक्या हाताने सोडव, खूण राहिली तर राहू दे. काकू आईला दरवर्षी असं कार्ड पाठवायच्या, ती आईच्या ट्रंकेत सगळी आहेत. एकावर ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ छापलंय आणि त्याखाली हिरव्या बॉलपेनने काकूंनी लिहिलंय, ‘आणि बंडूला रागावू नका, तो तुमच्याकडे खिचडी खाऊन आलाय हे मला कळलंय.’ कोपऱ्यात गुलाबी हलव्याचा गोल डाग आहे. आलेल्या कार्डांमध्ये काकूंचं स्वतःचं अक्षर कुठून येणार? म्हणून ही कार्डं तुमच्या वहीत हवीत. आईला विचारलं, ती लगेच हो म्हणाली.

वही झाली की लाल सुती कापडात बांध, पोथी बांधतात तशी, आणि शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेव. वरच्या फडताळात, बाहेरच्या भिंतीला न टेकता. पावसात उघडूच नकोस. आता ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कार्डं सावलीत पसर, उन्हात नको, स्केचपेनचे रंग उडतात. विद्यार्थ्यांनी हाताने केलेल्या कार्डांना तर ऊन अजिबात दाखवू नकोस.

आईकडची ही कार्डं मी पोस्टाने पाठवणार नाही, पाडव्यानंतर स्वतः घेऊन येतो. दोन दिवस राहीन, लेकीला शिवण दाखवीन. तोवर सगळ्यांत मोठ्या कार्डाची लांबी-रुंदी फूटपट्टीने मोजून कळव, म्हणजे कागद कापूनच आणतो. दाभण तुझ्याकडे आहे की आणू?

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या