पास ठेकेदाराचा, डोस कामगाराचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुकेंद्रांच्या सुरक्षेवरचा कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे झणझणीत, त्याबद्दल अभिनंदन. पण कंत्राटी कामगार हाच सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे, तेव्हा त्याची पडताळणी आणखी कडक करा, हे लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर नेमका कोण होता? ऑक्टोबर 2025 मध्ये वर्सोव्यात पकडलेला तोतया अणुशास्त्रज्ञ असेल, तर त्याच्यावरचा आरोप शास्त्रज्ञ असल्याचे भासवल्याचा आहे. वेल्डर असल्याचे सोंग कोणी घेत नाही. त्यात मिळण्यासारखे काही नसते.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान ठेकेदाराकडे कागदपत्रांचे काम बघते. फिटर, रिगर, आर्गन वेल्डर, हेल्पर अशी आमची माणसे शटडाऊनच्या, म्हणजे अणुकेंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाच्या कामाला जातात. कोणत्या केंद्रात, ते लिहीत नाही. मालकांना पुढचेही काम हवे आहे. आधार, फोटो, पीएफ, ईएसआय, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी, अशी एकेका माणसाची प्रवेश-पाससाठीची फाइल माझ्या टेबलावर तयार होते. त्यामुळे ‘कडक’ या शब्दाने अग्रलेखाला जोर येतो तसा मला येत नाही. मला समोर दिसतात ते पत्त्यांचे रकाने.

अर्जात मागच्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात ते विचारतात. विचारावे, हरकत नाही. फ्लॅट नावावर असलेला माणूस एक ओळ लिहून मोकळा होतो. आमच्याकडे एक वेल्डर होता, मूळचा बीडकडचा. त्याचे या पाच वर्षांतले पत्ते असे: कळव्यात चाळीतली खोली, मग दिव्यात, मग मुंब्र्यात आणि बायको बाळंतपणाला गावी गेली तेव्हा परत कळव्यात मेहुण्याकडे. एका मालकाने करारच केला नाही. दुसऱ्याने नोटरी करून दिली आणि झेरॉक्स मागितल्यावर तीही दिली नाही. तिसरा सरळ म्हणाला, नोंदणी-बिंदणी पाहिजे असेल तर खोली खाली कर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 सांगते की भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. कैदेत गेलेला घरमालक ठाणे जिल्ह्यात मी अजून पाहिलेला नाही. पास न मिळालेले भाडेकरू मात्र हवे तेवढे दाखवते.

या वेल्डरच्या घरी चौकशीला हवालदार आले तेव्हा हा तळोज्याला रात्रपाळी करून तिथेच थांबलेला. खोलीला कुलूप. शेजारी महिन्याभरापूर्वी आलेले, त्यांना हा कोण तेच ठाऊक नाही. झाले. शेरा पडला: ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ त्यानंतर त्याला आणि मला पोलीस ठाण्यात जे खेटे घालावे लागले त्याचे वर्णन करत नाही, आपल्या बहुतेक वाचकांना ते पाठ असेल. साहेब बंदोबस्तात आहेत, हे वाक्य मी गणपतीत ऐकले, नवरात्रात ऐकले आणि कुठलाच सण नसतानाही ऐकले. शटडाऊन काही कुणासाठी थांबत नाही. पास आला तेव्हा काम संपले होते. त्याच्या जागी आम्ही डोंबिवलीचा एक मुलगा पाठवला, वडिलांचा फ्लॅट, कागद एका दिवसात तयार. त्याचे जॉइंट एक्स-रेमध्ये नापास होऊन दुरुस्तीला येत राहिले. आमच्या बीडच्या माणसाला रिपेअर असा निघतच नसे. आता सांगा, केंद्र अधिक सुरक्षित कशाने झाले?

यातली खरी गंमत पुढेच आहे. हा वेल्डर त्याच केंद्रात आदल्या वर्षी दुसऱ्या ठेकेदाराकडून काम करून आला होता! तेव्हा पडताळणी झाली होती, पास मिळाला होता, गेटवरचे जवान त्याला नावाने हाक मारत. पण पास वर्क ऑर्डरला बांधलेला. वर्क ऑर्डर संपली, पास जमा. ठेकेदार बदलला की तोच माणूस, तेच गेट, तोच अर्ज आणि तीच पाच वर्षे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पडताळणी ठेकेदाराच्या कामाची होते, माणसाची नव्हे.

आणि सरकारला माणूस लक्षात ठेवता येत नाही म्हणावे, तर तसेही नाही. आत जाणाऱ्याच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज असतो. त्याने किती किरणोत्सार घेतला त्याची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत जाते. प्रत्येक कामगाराला तिथे स्वतःचा क्रमांक असतो. ठेकेदार बदलो, राज्य बदलो, क्रमांक तोच राहतो आणि जुना डोस नव्यात मिळवला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (हे डोसचे माप) आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. हा हिशेब ठेवलाच पाहिजे, तो कामगाराच्या जिवासाठी आहे, त्याबद्दल त्या लोकांना मी हात जोडते. पण मग पाहा: त्याच पाच वर्षांत त्याच्या अंगाने किती डोस घेतला हे सरकार स्वतः सांभाळते आणि त्याच पाच वर्षांत तो कुठल्या छपराखाली झोपला याचा पुरावा मात्र त्याने मुंब्र्याच्या खोलीमालकाच्या पाया पडून आणायचा. त्याच क्रमांकासमोर ‘पडताळणी झाली, अमुक तारखेपर्यंत वैध’ एवढी एक नोंद ठेवायला कोणते तंत्रज्ञान कमी पडते? अणुभट्टी आपण 1956 पासून चालवतो आहोत.

मधल्या काळात माणूस बिघडू शकतो, असे आपण म्हणाल. जरूर बिघडू शकतो. मग गुन्ह्यांची नोंद दरवर्षी तपासा, दर सहा महिन्यांनी तपासा. पण ती तपासायला त्याच्या खोलीला कुलूप आहे की नाही हे बघावे लागत नाही. आणि पडताळणीच नको असे मी म्हणत नाही. एका हेल्परने चुलतभावाचे आधार कार्ड आणून दिले होते, त्याला मी स्वतः जिन्यावरूनच परत पाठवला आणि मालकांचे ऐकून घेतले. गेटवरच्या सीआयएसएफ जवानांशीही माझे भांडण नाही. भर उन्हात उभे राहून ते समोरचा कागद बघतात, कागद कसा तयार झाला हे त्यांना कसे कळणार?

अग्रलेखात कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्राचा दाखला दिला आहे, तोही जरा पुरता द्यायचा होता. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये अणुभट्टीतले किरणोत्सारी, ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून जास्त कामगारांच्या शरीरात ते गेले. कुणीतरी हे मुद्दाम केले, असे तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनीच सांगितले होते. त्या कूलरपर्यंत पोहोचलेला माणूस कुंपणावरून उडी मारून आलेला नव्हता, त्याच्याकडे पास असणारच. 2014 मध्ये तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुकेंद्रात सीआयएसएफच्या एका हवालदाराने आपल्याच तीन सहकाऱ्यांना सरकारी बंदुकीने ठार केले. त्याचा पत्ता कुणाला सापडला नव्हता, असे काही ऐकिवात नाही. या दोन्ही घटनांवरून आत असलेल्या माणसांवर कोण लक्ष ठेवते, हा प्रश्न निघतो. आपण मात्र त्यातून दिव्याच्या भाडेकरूवर आणखी एक फॉर्म काढलात. दिवाळीपूर्वी तो छापून येईल अशी मला भीती आहे.

जाता जाता एक. पहिल्या पानावर ‘तारापूर’ म्हणून जे रंगीत छायाचित्र छापले आहे, त्यात डमरूच्या आकाराचे दोन प्रचंड मनोरे आणि त्यांतून निघणारा पांढरा लोट दिसतो. तारापूरला असे मनोरे नाहीत. तिथे यंत्रणा थंड करायला समुद्राचे पाणी वापरतात, 1969 पासून. हे छायाचित्र परदेशातल्या कुठल्या तरी केंद्राचे असावे. तारापूर-बोईसरचे शेकडो लोक आपला अंक घेतात, त्यांपैकी एकालाही विचारले असते तरी कळले असते. अणुकेंद्रात शिरणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटलीच पाहिजे असे बजावणाऱ्या अंकात अणुकेंद्राचीच ओळख पटू नये, याला काय म्हणावे? दुरुस्ती छापणार असाल तर सातव्या पानाच्या तळाशी नको. जिथे चूक छापली तिथेच छापा.

कळावे,
आपली,
एक वाचक, ऐरोली
(कृपया नाव छापू नये. कारण वर आलेच आहे.)